पाठमोरा कर्णा

आईच्या पिठाच्या डब्याचं झाकण हरवलं नसतं, तर हे प्रकरण मी लिहिलंच नसतं. डबा पितळी, पोट सुटलेला, एका अंगाला चेपलेला. घर बदलताना टेम्पोवाल्यानं झाकण कुठं तरी सांडलं. सून म्हणाली, "आई, प्लॅस्टिकचं बसवू ना, छान एअरटाइट मिळतं." मी म्हटलं, "पितळेला प्लॅस्टिकची टोपी? मी जिवंत आहे तोवर तरी नाही." आणि पिशवी घेऊन निघाले बाजारात. आता शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, पाटीवर तसं वाचतेही, पण तोंडात नगरच येतं. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत जुनी पितळी भांडी मोडीत घेणारी दुकानं आहेत, त्यातल्या एकात शिरले. दुकानदार मुनीरभाई. पन्नाशीचा, मिशीला मेंदी लावलेला भला माणूस. पूर्वी वडिलांच्या बँडमध्ये लग्नांत वाजवायचा. डीजे आले, बँड बसला, आणि हा पितळ फुंकायचं सोडून पितळ तोलायला लागला, असं त्यानंच हसत सांगितलं. त्याला मला ओरडूनच सांगावं लागलं, कारण माझ्या कानात यंत्र असलं तरी गल्लीतल्या स्कूटरी त्या यंत्राला माणसापेक्षा जास्त आवडतात.

झाकणं शोधायला तो आत गेला आणि मी भिंतीकडे पाहिलं. समया, घंगाळं, हंडे, आणि त्यांच्या वर दोन खुंट्यांवर आडवा टांगलेला एक बाजा. लांब, माझ्या कमरेला येईल एवढा. एका टोकाला फुंकायची तोंडी, जवळच तीन चाव्या, आणि तिथून नळी वळून सरळ मागे जाऊन कर्ण्यासारखी उघडलेली. म्हणजे माणसानं तोंडी ओठाला लावली, की कर्ण्याचं तोंड त्याच्या डाव्या खांद्यावरून पाठीमागे. अगं बाई! मुनीरभाई झाकणांचा ढीग घेऊन बाहेर आला, माझा चेहरा पाहिला आणि झाकणं तिथंच टाकून त्यानं स्टूल पुढे ओढलं. "बसा मावशी, पानी घ्या. काय हुतंय?" मला काही होत नव्हतं. मला आप्पांची पाठ दिसत होती.

आप्पा म्हणजे माझे वडील, श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात फिटर. आम्ही कारखान्याच्या चाळीत राहायचो, पत्र्याच्या दोन खोल्यांत. हंगामात सगळ्या जगाला मळीचा वास यायचा. पाण्याला, अंथरुणाला, आप्पांच्या खाकी शर्टाला. आई तो शर्ट सोड्यात उकळायची आणि तरी म्हणायची, "ह्यांचा वास जाईल तर शप्पथ." भोंगा झाला की चाळीतल्या सगळ्या चुली एकदम पेटायच्या. आईच्या हातची हुलग्याची शेंगोळी ही माझी त्या काळची सगळ्यात ठसठशीत आठवण. लसूण-मिरचीच्या वाटणात शिजलेली, वर कच्च्या तेलाची धार, ताटात भाकरीचा चुरा. आजही करते मी. सून खाते आणि "हेल्दी आहे" म्हणते. शेंगोळ्यांना हेल्दी म्हणणाऱ्या माणसाला पुढे काय सांगायचं?

आईला ऐकू यायचं नाही. म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. मी अंगावर पीत असताना तिला मुदतीचा ताप आला, तो उतरला तेव्हा कान बरेचसे घेऊन गेला. तिच्याशी बोलायचं तर समोर जाऊन, ओठ दिसतील असं बोलायचं. मागून हाक मारून उपयोग नाही. आप्पा कामावरून आले की उंबऱ्यावर पान्यानं दोनदा ठोकायचे. ती शेणानं सारवलेल्या जमिनीवर अनवाणी, तिला पायातून कळायचं. लगेच पदर सावरून वळायची आणि हसायची. दिवसभर कितीही कटकट झालेली असो, ते एक हसू ठरलेलं होतं. शेजारच्या बाया म्हणायच्या, "मिस्त्रींचं बरंय, बायकोला वरडायचं कामच न्हाई." आप्पा म्हणायचे, "वरडायचं तिनं, ऐकायचं मी. कान माजे शाबूत हायती ना."

आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणत. चाळीपलीकडच्या गावात आमचं कौलारू देऊळ होतं, आणि देवळाचा एक बँड होता. बँड कसला, दोन ढोल, एक झांज, दोन कर्णे आणि आप्पांचा हा लांब बाजा. कोण्या जुन्या काळच्या अमेरिकन पाद्रीसाहेबानं बोटीतून आणलेला. साहेब गेला, बाजा राहिला. आप्पांच्या वडिलांनी वाजवला, मग आप्पांनी. दुनियेतल्या सगळ्या बाज्यांची तोंडं पुढे असतात आणि ह्याचं मागे, म्हणून गावात त्याचं नावच पाठमोरा. आणि तो असा का, ह्याचं उत्तर आमच्या गावात लहान पोरालाही पाठ होतं. साहेबाच्या बोटीत त्याच्यावर मोठी पेटी पडली आणि तो वाकला! मूळचा सरळ, प्रवासात बिघडला. साहेब बिचारा सज्जन, टाकवेना म्हणून तसाच वापरला. ही गोष्ट आप्पा सांगायचे, देवळाचे पाद्री पाळकसाहेब सांगायचे, मी शाळेत सांगितलेली आहे. कुणालाही कधी वाटलं नाही की पेटी पडून वाकलेली नळी अशी कुठं चेप न पडता सुबक कशी वाकेल.

वर्षातला आमचा मोठा दिवस झावळ्यांचा रविवार. ईस्टरच्या आधीचा. प्रभू गाढवावर बसून यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याला मान दिला, म्हणून त्या दिवशी मिरवणूक. आमच्याकडे झावळ्या कुठल्या? सगळीकडे ऊस. तेव्हा आम्ही उसाची वाढी घ्यायचो, ते हिरवे शेंडे, जे एरवी जनावरांना घालतात. सगळ्यात पुढे क्रूस, त्याच्यामागे बँड, बँडच्या मागे बायका-पोरं, आणि शेवटी उरलेले पुरुष, ज्यांचं खरं काम म्हणजे वाढ्यांच्या वासानं मागे लागलेल्या शेळ्या हाकणं. एकदा एका बोकडानं पाळकीणबाईंच्या हातातला शेंडा मिरवणूक चालू असतानाच फस्त केला. पाळकीणबाई गाणं न थांबवता त्याला कोपर मारत राहिल्या. क्रम मात्र पक्का. बाज्याच्या पुढे क्रुसाशिवाय कुणी जायचं नाही, बाईमाणसानं तर नाहीच.

आईची जागा ठरलेली. पहिल्या रांगेत, आप्पांच्या बरोबर मागे, डाव्या खांद्याच्या रेषेत. मी तिचा पदर धरून. एरवी देवळात ती गाण्याच्या वेळी गप्प असायची, दुसऱ्यांचे ओठ बघून नुसते ओठ हलवायची. पण त्या दिवशी आप्पांनी बाजा खांद्यावर घेतला, गाल फुगवले, आणि तो जाड, उबदार, गुळाच्या काकवीसारखा आवाज थेट आमच्या तोंडावर यायला लागला की आई गायची. खुल्या आवाजात, सुरात! तिला ढोल कळत नव्हता, झांज कळत नव्हती, पन्नास माणसं मागे गात होती ती कळत नव्हती. तिला फक्त तो एक बाजा ऐकू यायचा, कारण त्याचं तोंड तिच्याकडे होतं. हे कारण मी आज लिहितेय. तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं की आई झावळ्यांच्या रविवारी गाते, आणि आम्ही त्याला देवाची कृपा म्हणायचो. आप्पा मागे वळून बघू शकत नव्हते, पण तिचा आवाज त्यांना पाठीवर लागत असावा. त्यांची चाल बदलायची. वर्षभर तेलात हात घातलेला तो माणूस त्या दिवशी नवरदेवासारखा चालायचा.

मग ते लग्न झालं. कारखान्याच्या कुठल्याशा अधिकाऱ्याच्या मुलीचं. शहरातून मोठा बँड आला, लाल कोट, सोनेरी झालर. चाळीतल्या लोकांनी हौसेनं आप्पांनाही बाजा घेऊन बोलावलं. त्या बँडचा मास्तर आप्पांकडे बघून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मिस्त्री, बाजा उलटा धरलाय, का मागच्या बायांना पटवायचा इचार हाय?" मांडव खो खो हसला. आप्पाही हसले. पण मी त्यांचे कान लाल झालेले पाहिले. घरी येऊन त्यांनी बाजा मांडीवर घेतला आणि नळीवरून बोट फिरवत बसले. आईनं खुणेनं विचारलं, काय झालं? आप्पा तिच्यासमोर तोंड करून म्हणाले, "म्या फिटर. आख्ख्या कारखान्याचं वाकडं सरळ करतो. आन् माज्या घरात एवढा वाकडा बाजा, तो मला सरळ करता येईना व्हय?" आईला ते पटलं. तिला तर अभिमानच वाटला. नवऱ्याच्या हाताला काय येत नाही!

पाळकसाहेबांची परवानगी घेतली. हंगामाच्या शेवटाला, मशिनं थंडावली तेव्हा, आप्पांनी बाजा वर्कशॉपमध्ये नेला. कर्ण्यापाशी नळी कापली, वाफेच्या पाइपातला एक तांब्याचा बाक घेतला, तो मध्ये घातला, पितळेचा डाग देऊन जोडला आणि घासून गुळगुळीत केला. पिवळ्या अंगावर तो तांबूस बाक दिसायचा, बाकी काम इतकं सुबक की बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता. आता कर्ण्याचं तोंड पुढे. चाळ बघायला लोटली. पाळकसाहेब म्हणाले, "मिस्त्री, साहेबाच्या बोटीपासूनची चूक तुमच्या हातून दुरुस्त झाली. देवाचे आभार." आईनं त्या दिवशी गव्हाची खीर केली. मी बाज्यावरून हात फिरवला तेव्हा ती म्हणाली, "हळू गं रुते, आप्पांचं काम हाय ते." माझं नाव रूथ, पण ती मला रुतीच म्हणायची.

झावळ्यांचा रविवार आला. ऊन कोवळं होतं, आईनं हिरवं लुगडं नेसलं होतं, हातात वाढ्याचा ताजा शेंडा. आम्ही नेहमीच्या जागी उभ्या राहिलो. ढोलानं ठेका धरला, आप्पांनी बाजा वर केला. पुढे वेशीत उभी असलेली माणसं माना उंचावून बघायला लागली. एवढा दांडगा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. मला मागे तो जरा पातळ वाटला, पण मी गायला लागले. आई गाईना. तिनं तोंड उघडलं, तसंच ठेवलं, आणि मिटलं. आप्पांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या दिसत होत्या, गाल मागून फुगलेले दिसत होते. तिनं माझा दंड धरला. "रुते, आप्पा वाजवत्यात का?" मी मान हलवली. "खरंच वाजवत्यात?" मी मोठ्यानं, ओठ दाखवून म्हटलं, "हो गं आई, लई भारी वाजवतायत!" तिनं स्वतःच्या कानाला हात लावला, मग दुसऱ्या कानाला. मग हातातला शेंडा खाली गेला. बाकीची सगळी वाट ती तो शेंडा धुळीत ओढत चालली, आणि मागून येणाऱ्या शेळ्यांना तो खाऊ दिला.

घरी येऊन तिनं चूल पेटवली नाही. पाटावर बसून राहिली. आप्पा आले, त्यांनी आनंदानं उंबऱ्यावर पान्यानं दोनदा ठोकलं, आणि ती वळली खरी, पण हसली नाही. म्हणाली, "राहिलेलं बी गेलं. तुमी वाजवत हुता आन् मला काय बी आलं न्हाई." आप्पांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी तिला दुसऱ्याच दिवशी मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कानात बघितलं, कानापाशी नादकाटा वाजवून बघितला, आणि म्हणाल्या, कान पूर्वी होते तसेच आहेत, काही कमी झालेलं नाही. आम्ही घरी येताना एकमेकांकडे बघितलं. बाई चांगल्या, मन राखायला बोलल्या, असंच तिघांनाही वाटलं. भोंगा कळतो ना, असं मी विचारलं, तर आई म्हणाली, "भोंगा पायानं कळतो. त्याला कान कशाला?"

त्यानंतर ती मिरवणुकीला आली नाही. त्या दिवशी घरी थांबून परतणाऱ्या माणसांसाठी गुळाचा चहा आणि भाकरी करायची. आप्पांनी एकदा अंगणात बाजा काढला, म्हणाले, तुझ्यासमोर उभा राहून वाजवतो, बघू तरी. तिनं हातानंच अडवलं. "नका. मला नुसतं फुगलेलं गाल दिसत्यात. त्ये बघवत न्हाई." एक पाऊल! तिनं त्यांना एकदा वाजवू दिलं असतं तर त्या अंगणात सगळा उलगडा झाला असता. पण ती आपल्या दुःखाला घाबरली, आणि आप्पा तिला. पुढच्या की त्याच्या पुढच्या वर्षी आप्पांनी बाजा देवळात नेऊन ठेवला. पाळकसाहेबांनी विचारलं, का हो मिस्त्री? आप्पा म्हणाले, "कुनासाठी वाजवू?" देवळाच्या पेटीतून तो पुढे कुठं गेला कुणास ठाऊक. मोडीत गेला असणार. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, आप्पाही जगले, दोघांत प्रेमही काही उणं झालं नाही. पण तिचं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. मला नातवंडं झाली तरी मी ते गाणं शोधतेय. स्वयंपाक करताना, बसमध्ये, बाहेर वाजणाऱ्या कुठल्याही बँडच्या मागे.

तर मुनीरभाईच्या दुकानात त्या स्टुलावर बसून मी म्हटलं, "तो खाली काढा." त्यानं काढला, मांडीवर दिला. मी आधी तांबूस बाक शोधला. नव्हता. हा आमचा नव्हे, आमच्याचा भाऊ. मग मी नळीवर बोट फिरवलं, तोंडीपासून कर्ण्यापर्यंत. कुठं मार बसून वाकल्याची खूण नाही, चेप नाही, सांधा नाही. कर्ण्याच्या काठाला कोरलेली वेल अखंड. हा मूळचाच असा होता. मी वर बघितलं तर मुनीरभाई म्हणाला, "उलटा न्हाई मावशी, असाच बनवत्यात. पुन्याचा एक जण आल्ता, त्यानं मोबाईलवर दाखवला. फौजेच्या पुढं चालनाऱ्यांचा हाय. आवाज मागच्या फौजेला जावा म्हनून तोंड मागं." तो अगदी सहज म्हणाला. मला मात्र हिरवं लुगडं दिसलं, धुळीत ओढलेला शेंडा दिसला, आणि डॉक्टरीणबाई दिसल्या, ज्यांच्यावर आम्ही तिघांनीही विश्वास ठेवला नाही. कान होते तसेच आहेत. अहो, होतेच की!

मी म्हटलं, "वाजतो का?" तो म्हणाला, "वाजंल की. पन मला गिर्‍हाईकासमोर लाज वाटती." मी म्हटलं, "मी गिऱ्हाईक नाही, तुझी मावशी आहे. गल्लीत चल. तू पुढं चाल, मी मागं येते." त्यानं तोंडी शर्टाला पुसली, बाजा खांद्यावर टेकवला आणि बाहेर आला. मी कानातलं यंत्र काढलं आणि पिशवीत टाकलं. गल्ली एकदम बंद झाली. स्कूटरी गेल्या, माणसं गेली, नुसती तोंडं हलायला लागली. मी त्याच्या डाव्या खांद्याच्या रेषेत उभी राहिले. तो चालायला लागला.

त्यानं कुठलं तरी लग्नातलं गाणं धरलं. आमचं गीत नव्हतंच ते. पण आवाज आला. आधी छातीत आला, मग गळ्यात, मग कानात, जाड आणि उबदार, आणि मी, सगळ्या नगरनं वेडी म्हटलं असतं तरी चालेल, त्याच्या मागे चालत गायला लागले. शब्द आमचे, चाल त्याची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचं भानच नव्हतं. गल्लीच्या टोकाला तो, मी मागे आहे ना हे बघायला, वाजवता वाजवता माझ्याकडे वळला. आणि आवाज गेला. पार गेला. समोर मुनीरभाई होता, त्याची बोटं चाव्यांवर होती, गाल फुगलेले होते, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

आईनं हेच बघितलं होतं. तिला वाटलं होतं, आपलं संपलं.

मी भर रस्त्यात हात हलवून ओरडले, "वळ! पाठ कर माझ्याकडं, पाठ कर!" तो घाबरून वळला, आणि आवाज परत आला. आईला ओरडायची गरजही नव्हती. कान तिच्यापाशी होते, आप्पा वाजवत होते, तिनं फक्त त्यांना ओलांडून चार पावलं पुढे जाऊन उभं राहायचं होतं. पण बाज्याच्या पुढे बायका जात नसत.